दगडफुलाची साक्ष

गोडा मसाला कुटावयास बसलेल्या गृहिणीच्या ताटात धने, खोबरे, तीळ, दालचिनी आणि तमालपत्र यांच्या जोडीला करड्या-काळपट रंगाचा, कुरळ्या कडांचा, कागदासारखा हलका असा एक जिन्नस मूठभर असतो. त्यास दगडफूल म्हणतात. विदर्भातील सावजी रश्शाचा मसालाही त्यावाचून पुरा होत नाही. नावात दगड आहे आणि फूलही आहे; पण वस्तुतः ते फूल नव्हे, आणि पुष्कळदा ते दगडावर उगवलेलेही नसते. डोंगराळ भागातील झाडांच्या सालींवरून ते सोलून आणलेले असते. वनस्पतिशास्त्रात या वर्गास लायकेन म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी शैवाक हा शब्द योजिलेला आहे. शाळेत आम्ल आणि अल्क ओळखण्याकरिता वापरला जाणारा लिटमसचा रंगही मुळात याच वर्गातील काही जातींपासून काढीत असत. स्वयंपाकघर आणि प्रयोगशाळा या दोन्ही ठिकाणी वावरणारा हा क्षुद्र दिसणारा जीव शहराच्या हवेविषयीही साक्ष देतो. मात्र ती साक्ष कशी घ्यावयाची आणि तिच्यावर किती विसंबावयाचे, हे समजून घेतल्यावाचून तिचा उपयोग होत नाही.

लायकेन हा खरे पाहता एकटा जीव नसून दोघांचा एकत्र संसार आहे. बुरशीच्या जातीचे कवक घर बांधते, आणि त्याच्या तंतूंच्या जाळ्यात शैवलाच्या सूक्ष्म हिरव्या पेशी राहून सूर्यप्रकाशात दोघांपुरते अन्न तयार करतात. सायमन श्वेंडेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६०च्या दशकाच्या अखेरीस हे मत मांडले, तेव्हा त्या काळच्या जाणत्या लायकेनतज्ज्ञांनी त्याची थट्टाच केली. थट्टा करणाऱ्यांत विल्यम नायलँडर हा पॅरिसमध्ये स्थायिक झालेला फिनलंडचा विद्वान अग्रभागी होता. या वादात तो हरला. पण दुसऱ्या एका बाबतीत त्याची दृष्टी सर्वांच्या पुढे गेलेली होती. पॅरिसमधील लक्झेंबर्ग उद्यानातील झाडांवर लायकेनांच्या ज्या जाती त्यास आढळल्या, त्या शहराच्या इतर भागांत दिसत नव्हत्या. १८६६ साली त्याने ही यादी प्रसिद्ध केली आणि हवा कितपत आरोग्यकारक आहे याचे लायकेन हे एक माप आहे, असा निष्कर्ष काढला. पुढे शहराचा धूर वाढत गेला आणि ते शतक संपण्यापूर्वीच त्या उद्यानातून लायकेन नाहीसे झाले. यादी लिहून ठेवलेली होती म्हणूनच काय हरवले हे लोकांस कळले. १९९० साली तेथे पुन्हा शोध घेतला, तेव्हा काही जाती परत आलेल्या होत्या.

नायलँडरच्या आधी, १८५९ साली, लिओ ग्रिंडन याने मँचेस्टरच्या आसपासचे लायकेन कमी होत चालल्याचे नमूद केले होते. त्याच मँचेस्टरात १८४८ साली एका पांढुरक्या पतंगाचा काळा प्रकार प्रथम सापडला. झाडांवरील फिकट लायकेन मेल्यामुळे आणि खोडे काजळीने माखल्यामुळे काळ्या पतंगास लपणे सोपे झाले होते. उत्क्रांतीच्या पाठ्यपुस्तकात हा पतंग हटकून भेटतो. ज्याच्या मरणामुळे तो काळा झाला त्या लायकेनाचा मात्र तेथे जेमतेम ओझरता उल्लेख असतो.

लायकेनास हवेची एवढी बाधा का व्हावी? आंब्याच्या पानास वरून मेणचट आवरण असते. हवा आत घेण्याकरिता सूक्ष्म रंध्रे असतात आणि ती मिटता येतात. मुळे जमिनीतून पाणी व क्षार शोषतात, आणि जुने पान वर्षा-दोन वर्षांनी गळून गेले म्हणजे त्यातील घाणही त्याबरोबर जाते. लायकेनास यांपैकी काहीच नाही. मुळे नाहीत, मेणचट कातडी नाही, मिटावयास रंध्रे नाहीत. पाऊस, दव, धुके आणि धूळ यांतून जे मिळेल ते अंगभर शोषून त्याला जगावे लागते. पाने गाळून मोकळे होण्याची सोयही नाही. वाढ अतिशय मंद. कित्येक जाती वर्षाकाठी मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी वाढतात. झाडावर दिसणारा रुपयाएवढा ठिपका कैक वर्षांचा असू शकतो, आणि तेवढ्या वर्षांची हवा त्याच्या अंगात साठलेली असते.

दगडी कोळसा जळताना त्यातील गंधकापासून सल्फर डाय-ऑक्साइड वायू तयार होतो. ओलसर लायकेनात तो विरघळला की आम्लता उत्पन्न होते. शैवलाच्या पेशीतील हरितद्रव्यामधून मॅग्नेशियम निघून जाते आणि ते द्रव्य निकामी होते. संसारातील मिळवता सोबती आजारी पडला म्हणजे घर बांधणाराही फार दिवस टिकत नाही. सालीची आम्लता वाढल्याने नवे लायकेन रुजणेही कठीण होते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कोरडे पडलेले लायकेन जणू निद्रिस्त असते आणि त्या स्थितीत वायूची बाधा त्याला कमी होते. ओले असताना ते जागे असते, आणि जागेपणीच त्याला विष चढते.

सर्व जाती सारख्या नाजूक नसतात. दाढीसारख्या लोंबणाऱ्या किंवा झुडपासारख्या उभ्या जाती बहुधा सर्वांत आधी नाहीशा होतात. पानासारख्या पसरणाऱ्या मधल्या. आणि सालीला खपलीप्रमाणे चिकटलेल्या जातींत पुष्कळशा चिवट असतात. रुटगर सेर्नांडर याने १९२६ साली स्टॉकहोम शहराचे लायकेनांवरून पट्टे पाडले आणि मधल्या ओसाड पट्ट्यास लायकेनांचे वाळवंट असे नाव दिले. १९७० साली डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोझ यांनी इंग्लंड-वेल्सकरिता झाडांवरील जातींची एक चढती श्रेणी बसविली. हिवाळ्यात सल्फर डाय-ऑक्साइड घनमीटरास सुमारे १७० मायक्रोग्रॅमच्या वर गेला तर खोडावर लायकेन उरत नाही, फार तर बुंध्याशी हिरवट थर दिसतो; आणि वायू जसजसा कमी, तसतशा एकेक नाजूक जाती हजेरी लावतात. यंत्रावाचून, झाडाकडे पाहून, हवेचा अंदाज करता येऊ लागला. १९५२च्या डिसेंबरात लंडनमध्ये काळ्या धुक्याने सुमारे ४००० माणसे दगावली, १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि धूर ओसरल्यावर त्या शहरात लायकेन परत येऊ लागले.

येथवरची हकीकत परदेशची झाली. हिंदुस्थानातही या विद्येचा धागा बराच जुना आहे, आणि योगायोग असा की त्याच्या टोकाशी पुन्हा नायलँडरच आढळतो. कलकत्त्याजवळच्या वनस्पतिउद्यानातील संग्रहाचे पालक सुल्पित्स कुर्त्झ यांनी १८६०च्या दशकात तेथील लायकेने गोळा केली आणि त्यांचे वर्णन नायलँडरने प्रसिद्ध केले. सुमारे १४० वर्षांनी, २००५ साली, लखनौच्या राष्ट्रीय वनस्पतिसंशोधन संस्थेतील दलीपकुमार उप्रेती व त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्यात लायकेने अजून उगवतात काय, हा प्रश्न हाती घेतला. उगवतात, हे खरे. पण जुनी यादी आणि नवी यादी यांत बरेच अंतर पडलेले आहे. २००३ साली याच मंडळींनी माधव गाडगीळ यांच्यासमवेत बंगळूर शहरातील लायकेने कोठे वाढतात व त्यांच्या अंगात कोणते धातू साठतात, याचा अभ्यास लालबाग डोळ्यांपुढे ठेवून केला होता. लखनौच्या या परंपरेचे जनक धरणीधर अवस्थी. महाराष्ट्रात शंकर पुरुषोत्तम आघारकर या मालवणच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४६ साली पुण्यास जी संशोधनसंस्था उभी केली आणि जिला १९९२पासून त्यांचेच नाव आहे, त्या संस्थेत पी. जी. पटवर्धन, ऊर्मिला माखिजा प्रभृतींनी सह्याद्रीतील लायकेनांचा मोठा अभ्यास केला. जाती ओळखणारा मनुष्य असल्याखेरीज हवामापनाची ही सारी इमारत उभी राहत नाही, आणि असे लोक नेहमीच थोडे असतात.

आता शेवाळाविषयी. पावसाळ्यात भिंतीवर, कौलांवर, विहिरीच्या काठावर जे हिरवे मखमली उगवते त्या सर्वास मराठीत सरसकट शेवाळ म्हणतात. तळ्यातले शेवाळ निराळे आणि भिंतीवरचे बारीक पानांचे निराळे. शास्त्रज्ञ दुसऱ्यास हरिता म्हणतात आणि व्यवहारात मॉस हा शब्दही चालतो. याची पाने बहुतेक एका पेशीइतकी पातळ असतात आणि खरी मुळे यालाही नसतात. त्यामुळे शिसे, कॅडमियम, निकेल अशा धातूंचे कण हवेतून येऊन त्यास चिकटून राहतात. स्वीडनमध्ये रूलिंग आणि टायलर यांनी १९६८च्या सुमारास ही युक्ती प्रथम पद्धतशीर वापरली. आता युरोपातील अनेक देश दर पाच वर्षांनी मॉस गोळा करून धातूंचे नकाशे तयार करतात.

या पद्धतीचे मोल किती, हे अमेरिकेतील पोर्टलंड शहरातील एका प्रसंगाने फार स्पष्ट होते. त्या शहरात हवेतील विषारी धातू मोजणारी यंत्रे अगदी थोडी होती. २०१३ च्या डिसेंबरात तेथील वनखात्याच्या शास्त्रज्ञांनी शहरभर झाडांवरील मॉसचे ३४६ नमुने घेतले व प्रयोगशाळेत त्यांतील धातू मोजले. नकाशा काढल्यावर कॅडमियमचे दोन ठळक ठिपके उमटले. दोन्ही ठिकाणी रंगीत काच बनविणारे कारखाने होते. काचेस पिवळा-नारिंगी रंग यावा म्हणून कॅडमियम वापरतात, ही गोष्ट कारागिरांना माहीत होती. त्याचा धूर आजूबाजूच्या वस्तीत जातो, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते. त्यानंतर एका कारखान्याजवळ मुद्दाम यंत्र ठेवले, तेव्हा कॅडमियम राज्याने ठरविलेल्या मर्यादेच्या ४९ पट आणि आर्सेनिक १५९ पट भरले. २०१६ साली ही बातमी फुटली, कॅडमियमचा वापर थांबविण्यात आला आणि पुढे राज्यास नवे नियम करावे लागले. येथे मॉसने निवाडा केला नाही. यंत्र कोठे ठेवावयाचे एवढेच त्याने दाखविले. पण तेवढे दाखविणारे दुसरे कोणीही नव्हते.

ही दृष्टी घेऊन गोंदियाकडे पाहावे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा तलावांचा, धानाचा आणि रानाचा. वैनगंगा आणि बाघ या नद्या, नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव, नागझिऱ्याचे जंगल, सालेकशाकडील हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुहा ही याची शोभा. पण खुद्द गोंदिया शहर वाढले ते रेल्वेमुळे. नागपूरहून छत्तीसगडाकडे जाणारा लोहमार्ग, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नैनपूर-जबलपूरकडे निघालेली अरुंद मापाची गाडी, यांच्या संगमावर हे गाव बसले. दगडी कोळशाची इंजिने कित्येक दशके तेथे धूर ओकत उभी राहत. ती इंजिने गेली, अरुंद मापही गेले. आता धुराची कारणे निराळी आहेत. भाताच्या गिरण्या आहेत. उसना तांदूळ करण्यासाठी धान वाफवावे लागते आणि त्याकरिता बहुधा धानाचेच तूस जाळतात, त्याची हलकी राख उडते. मोटारींचा धूर आहे, रस्त्यांची धूळ आहे, हिवाळ्यात दारोदारच्या शेकोट्या आहेत. आणि पश्चिमेस सुमारे ३० किलोमीटरवर तिरोडा येथे कोळशावर चालणारे ३३०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. ६६० मेगावॉटचा एकेक असे त्याचे पाच संच २०१२ ते २०१४ या काळात सुरू झाले. भारतीय कोळशात गंधक कमी पण राख फार, हे येथे विसरून चालत नाही. म्हणजे इंग्लंडच्या श्रेणीत सारा भर ज्या वायूवर होता, त्यापेक्षा धूळ आणि राख यांचा येथे अधिक विचार करावा लागतो. लायकेन राखेतील धातू अंगात साठवते. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळच्या उंचाहार वीजकेंद्राभोवती पिक्झिने कोकोस या जातीवर असाच अभ्यास झालेला आहे. ही करड्या गोल चकत्यांची जात मैदानी मुलखात आंब्याच्या सालीवर नेहमी आढळते आणि बरीच सोशिक आहे. ती मरत नाही म्हणूनच साठविण्याच्या कामी उपयोगी पडते. मरणारी जात एक गोष्ट सांगते, टिकणारी दुसरी.

ज्याला गोंदियात हा अभ्यास करावयाचा असेल त्याने एक रेषा कल्पावी: स्टेशन व रेलटोलीचा भाग, तेथून गोरेगावकडे जाणारा रस्ता, आणि शेवटी नागझिऱ्याच्या कडेची गावे. या रेषेवर जागोजाग सारख्या घेराची, सरळ खोडाची, उन्हात उभी असलेली एकाच जातीची झाडे निवडावी. आंबा यासाठी उत्तम, कारण तो शहरातही आहे आणि खेड्यातही. अर्जुन, निलगिरी, पेरू यांची साल सोलून गळते. त्यांच्यावर लायकेन नसले तर त्याचा दोष हवेवर ढकलणे हा अन्याय होय. ऐनाची खडबडीत साल आणि आंब्याची साल यांचीही तुलना करू नये. चुना लावलेली खोडे सोडून द्यावी. पालिकेच्या हौसेने रस्त्याकडेची बरीच झाडे कमरेपर्यंत पांढरी केलेली असतात.

युरोपात २०१४ साली ठरलेली रीत अशी की, जमिनीपासून १ मीटर उंचीपासून वर खोडावर एक चौकट धरावयाची. ती १० सेंटिमीटर रुंद आणि ५० सेंटिमीटर उंच असून तिचे पाच सारखे चौकोन पाडलेले असतात. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर अशा चारही बाजूंस ती लावून प्रत्येक जात किती चौकोनांत दिसते ते मोजावयाचे, आणि आकडे मिळवावयाचे. तारेची चौकट, दहापट मोठे दाखविणारे भिंग, वही आणि आता छायाचित्राकरिता खिशातला फोन, एवढे साहित्य कोणत्याही शाळेस परवडते. जातीचे नाव न कळल्यास खपलीसारखी, पानासारखी आणि झुडपासारखी एवढा भेद केला तरी प्रारंभ होतो. सोलून मात्र काही नेऊ नये. मिलिमीटराने वाढणारी वस्तू बोटभर खरवडली तर ती भरून यावयास कित्येक पावसाळे लागतात. आणि अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या परवानगीशिवाय हातही लावता येत नाही. जेथे लायकेन उरलेलेच नाही तेथे दुसरा उपाय आहे. १९६१ साली अमेरिकेत आयर्विन ब्रोडो याने स्वच्छ जागेतील लायकेन सालीच्या चकतीसकट काढून दुसरीकडील झाडांवर बसविले आणि ते जगते की मरते हे पाहिले. मॉसही जाळीच्या पिशवीत भरून चौकाचौकांत टांगता येते.

यातून जे आकडे निघतील त्यांचा अर्थ लावताना घाई करू नये. गोंदियात उन्हाळा कडक, पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. तापलेल्या डांबरी रस्त्याच्या कडेला धूर नसतानाही लायकेन जगणे अवघड. जंगल थंड व दमट असते, शहर कोरडे. त्यामुळे नागझिऱ्यात भरपूर आणि स्टेशनाजवळ थोडे, एवढ्यावरून हवेचा निकाल लावला तर तो कच्चा ठरेल. कोरडेपणा सारखा असलेल्या दोन जागांत फरक पडला तरच हवेकडे बोट दाखवावे. उलट बाजूनेही फसगत होते. गोठ्यांजवळ आणि युरिया टाकलेल्या धानाच्या बांध्यांजवळ अमोनिया असतो. काही लायकेनांना तो मानवतो आणि ती खोडभर पिवळी-नारिंगी किंवा करडी पसरतात. झाड लायकेनांनी भरले म्हणजे हवा निर्मळ, असे समजणारा तेथे चुकतो. किती यापेक्षा कोणती, हा प्रश्न मोठा.

ऋतूचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात लायकेन जागे असते, पण तेव्हा पाऊस हवा धुऊन काढतो. उन्हाळ्यात धूळ फार, पण तेव्हा ते निजलेले असते. हिवाळ्यातील पहाट मात्र घातक. दवाने लायकेन भिजून जागे झालेले, वारा पडलेला, थंड हवेचा थर जमिनीलगत बसलेला आणि शेकोट्यांचा व गिरण्यांचा धूर त्याखाली कोंडलेला. याच वेळी मुले शाळेस निघतात आणि वडीलधारी माणसे फिरावयास बाहेर पडतात.

त्यांच्या फुप्फुसांस सर्वांत अपाय करणारी जी अतिसूक्ष्म धूळ, ती लायकेन सरळपणे मोजू शकत नाही, हेही सांगितले पाहिजे. २००९च्या भारतीय मानकाप्रमाणे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरास ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ५ सुचविली. ती ओलांडली की नाही, हे यंत्रच सांगणार. पण यंत्र एका जागी उभे राहते आणि महाग असते, तर आंब्याची झाडे गल्लोगल्ली आहेत. पोर्टलंडमध्ये जे झाले ते गोंदियाच्या एखाद्या मोहल्ल्यात होणार नाही असे मानण्यास आधार नाही.

चौकट लावण्यास योग्य काळ म्हणजे पाऊस सरल्यानंतरचा, जेव्हा लायकेन टवटवीत असते आणि रंग स्पष्ट दिसतात. खोडास खुणेचा लहानसा बिल्ला सुतळीने बांधावा, खिळा ठोकू नये. वहीत झाडाचा घेर, बाजू, जवळचा रस्ता किंवा गिरणी किती पावलांवर आहे ते आणि तारीख लिहावी; आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच झाडाच्या त्याच बाजूस, तीच चौकट पुन्हा लावावी.